किती ते सोडा, जागतात का ते सांगा!

आखातातल्या प्रत्येक मराठी गोतावळ्यात एक लॅबवाले नाना असतातच. आमचे नाना कुवेतमध्ये रक्ततपासणीच्या यंत्रांपाशी उभं राहून पिकले. हिवाळ्यात मंडळी शुक्रवारी वफ्राच्या मळ्यावर सहलीला निघाली, की नाना बसमध्ये पुढची सीट धरतात आणि सौदी सीमेकडची काकडी-टोमॅटोची शेतं दिसेपर्यंत कुणाला तरी प्लेटलेट्स समजावतात.

निमित्त आम्हीच देतो. कुणीतरी म्हणतं, "गावाकडे भावाला डेंगी झालाय, प्लेटलेट्स उतरल्यात." दुसरा लगेच पपईच्या पानांचा रस सुचवतो. नाना आधी भावाची नीट चौकशी करतात, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून देतात. मग चष्मा कपाळावर चढतो. "दीड ते साडेचार लाख, एवढंच पाठ आहे तुम्हाला! अहो, किती ते सोडा, जागतात का ते सांगा!"

भरीत-भाकरी येते तोवर कागदी थाळीवर आलेख तयार. गुस्ताव बॉर्न यांनी 1962 साली मांडलेली युक्ती. नानांच्या तोंडी 'आपले बॉर्नसाहेब'. गढूळ प्लाझ्मातून उजेड सोडायचा, त्यात चेतवणारं द्रव्य घालायचं. प्लेटलेट्स एकमेकींना चिकटल्या की प्लाझ्मा निवळतो, रेघ वर चढते.

"आता द्रव्यं बघा. कोलॅजन रक्तवाहिनीच्या भिंतीत असतं, भिंत फाटली की उघडं पडतं. प्लेटलेट्स क्षणभर थबकतात, मग तुटून पडतात. आपल्या मंडळाचे खजिनदार! एडीपी जागी झालेली प्लेटलेट स्वतःच सोडते, शेजारणींना उठवायला. पण मात्रा कमी पडली तर चिकटलेल्या पुन्हा सुट्या. म्हणजे आपली कार्यकारिणी." मग वहिनी लांब आहेत याची खात्री करून, "थ्रॉम्बिन सगळ्यांत जबरदस्त. त्याच्यापुढे झोपायची कुणाची टाप नाही." आणि ॲड्रिनालिन? "एकटं तसं दुबळं, पण दुसऱ्याचा जोर वाढवतं. तो मी!" वहिनींनी हाक मारली, की हे ॲड्रिनालिन निमूट पाणी भरायला जातं.

रक्तपेढीतल्या प्लेटलेट्स फ्रिजमध्ये ठेवत नाहीत, 20 ते 24 अंशांवर सतत हलवत ठेवतात, हे सांगताना नाना हातातला ताकाचा जग हलवतच राहतात. ताक अंगावर येतं ते समोरच्याच्या.

वैताग येतो खरा. पण मागे एकजण सहज म्हणाला, "उद्या दाढ काढायचीय," तर नाना हातातला घास ठेवून उठले. "ॲस्पिरिन चालू आहे का? गोळीनं मंदावलेली प्लेटलेट तिच्या आयुष्यभर पुरती सावरत नाही. नव्या भरून यायला सात ते दहा दिवस. तुझा आकडा अगदी चोख येईल आणि रक्त मात्र लवकर थांबायचं नाही! डॉक्टरांना सांगितलंस का?" त्यानं सांगितलं नव्हतं. नानांनी तिथूनच फोन लावायला लावला.

तेव्हा तुमच्या मंडळात असे नाना असतील, तर त्यांचं थोडं ताक अंगावर घ्या. आणि हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मनानं बंद करू नका. दात काढण्याआधी डॉक्टरांना मात्र जरूर सांगा.