ग्लूवाईन, इतवारीमार्गे

आम्हा नागपूरकरांच्या उन्हाळ्याची चौकशी सगळा महाराष्ट्र करतो. पारा सत्तेचाळिसाकडे निघाला की पुण्याचे नातेवाईक हळहळून फोन करतात. थंडीचं मात्र कोणी विचारत नाही. म्हणून २९ डिसेंबर २०१८ ला, शनिवारी पहाटे, नागपूरचं तापमान ३.५ अंशांवर उतरलं आणि १९३७ सालचा ३.९ चा विक्रम मोडला, तेव्हा घरातलं पोट्टं बोर्डात आल्यासारखी माझी छाती फुगली. त्याच संध्याकाळी आमच्या गच्चीवर पंधरा माणसं जेवायला यायची होती.

"थंडीचं काहीतरी खास प्यायला ठेवू," मी म्हणालो.

"चहा आहे ना," बायको म्हणाली.

पण माझा मामेभाऊ जर्मनीत आहे. डिसेंबर लागला की तो नाताळच्या बाजारात वाफाळता मग धरून काढलेले फोटो पाठवत असतो. मगात असते ग्लूवाईन. लाल वाईनमध्ये दालचिनी, लवंगा, चक्रीफूल नि संत्र्याच्या चकत्या टाकायच्या आणि उकळी न येऊ देता गरम करायची. आमच्याकडे आत्या शनिवार सोडायला येणार होती आणि शेजारचे काका डॉक्टरांच्या ताब्यात होते, तेव्हा वाईन बाद. राहिलं संत्रं. ते तरी नागपूरकराने कोणाला विचारून घ्यायचं?

मसाल्यासाठी इतवारीतली किराणा ओळ गाठली. यादी वाचली: दालचिनी, लवंगा, चक्रीफूल, जायफळ.

"दगडफूल राहिलं न भाऊ," दुकानदार म्हणाला. "मटन किती किलो हाये?"

"मटन नाही. संत्र्याच्या रसात टाकायचंय."

त्याचा तराजूवरचा हात थांबला. "रश्शात संत्रं टाकून राहिले?"

"रश्शात नाही हो, रसात!"

त्याने माझ्याकडे, मग माझ्या कानटोपीकडे पाहिलं. थंडी डोक्यात गेलेलं गिऱ्हाईक त्या दिवशी मी पहिलंच नसणार. न मागता दगडफूल नि खसखशीची पुडी बांधून त्याने माझ्या पिशवीत सरकवली. "लागते," म्हणाला.

चार डझन संत्री सोलली. बिया काढायचा कंटाळा आला, म्हणून फोडी तशाच मिक्सरमधून फिरवल्या. मोठ्या गंजात रस ओतला, मसाल्याची पुरचुंडी सोडली आणि तास-दीड तास मंद आचेवर ठेवला. वास असा सुटला, की जिन्यात भेटणारा प्रत्येक जण विचारू लागला. मी नुसता हसत होतो. चव घ्यावी असं मात्र मला सुचलं नाही.

पहिला मग आत्याला दिला. तिने घोट घेतला, डोळे मिटले, गिळला.

"औषध चांगलं हाये रे," ती म्हणाली. "पण कशावरचं?"

काडेचिराईत त्यापुढे बासुंदी वाटली असती. आपलं संत्रं खायला गोड, पण रस काढून ठेवला की त्यातला एक बेचव घटक आंबटपणाच्या संगतीने बदलतो आणि त्याचं लिमोनिन नावाचं कडूजहर द्रव्य होतं. गरम केलं की हे आणखी घाईने होतं. त्यात मी बियाही भरडलेल्या, म्हणजे कडवटपणाचा कारखानाच. हे सगळं मला नंतर कळलं. लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आमच्याच अमरावती रोडवर आहे. मी पाककृती जर्मनीहून मागवली होती.

आधी साखर घातली. मग गूळ. मग आणखी गूळ. आता ते गोड आणि कडू असं दोन्ही लागू लागलं. काकांनी मग हळूच तुळशीच्या कुंडीत रिकामा केला. मी पाहिलं, त्यांनीही मी पाहिलेलं पाहिलं.

तेवढ्यात बायको पाटोडीचा रस्सा घेऊन वर आली. दगडफूल आणि खसखस सत्कारणी लागलेली वासावरूनच कळली. भिवापुरी मिरचीची लाल तर्री वर तरंगत होती. मिरची अंग तापवते कमी आणि जिभेला फसवते जास्त, असं शास्त्र सांगतं. उष्णता ओळखणाऱ्या नसांनाच ती चेतवते, म्हणे. फसवू दे. पहिल्या घासाला मफलर सुटले, दुसऱ्याला कानटोप्या निघाल्या. पाटोड्या दहा मिनिटांत संपल्या. नुसता रस्सा उरला, तेव्हा काकांनी आपला रिकामा मग पुढे केला.

"वाढ ना वहिनी. वाटीनं हात भाजते."

मग सगळ्यांचेच मग पुढे आले. फुंकर मारत, नाकं पुसत, पंधराही जण कठड्याला टेकून घोट घेत उभे. आत्याचा तिसरा मग चालू होता.

मामेभावाचा व्हिडिओ कॉल आला, तो नेमका तेव्हा.

"ग्लूवाईन जमली काय रे?"

मी फोन सगळ्यांवरून फिरवला. काकांनी पाणावल्या डोळ्यांनी मग उंचावला. "एक नंबर बाप्पा!"

मामेभावाने स्क्रीनला नाक लावलं. "रंग तर बरोबर आहे. पण वरून हे तेल काहून दिसून राहिलं बे?"