टाचणातली 35 मिनिटं

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीला, आणि तिथेही पट 100 च्या वर असेल तरच. पहिली ते चौथीची पोरं कुणाच्या भरवशावर पळणार? वर्गशिक्षकाच्या. आमच्या तिसरीचा वर्गशिक्षक मी. लहानपणी खो-खोच्या संघात माझी नेमणूक कायम सगळ्यांच्या चपला राखायला व्हायची. ते काम मात्र मी चोख करायचो.

त्यामुळे माझा खेळाचा तास ठरलेला असे. ‘एक साथ सावधान, विश्राम’, मग एक चेंडू मैदानात भिरकवायचा आणि आपण कडुलिंबाखाली बसून पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब जुळवायचा. पण सुट्टीत मोबाईलवर कुठल्याशा परदेशी शाळेचा व्हिडिओ पाहिला आणि अंगात आलं. रंगीत शंकू, रंगीत कड्या, हसरी मुलं, सडपातळ सर. रात्री बसून टाचण काढलं. पूरक हालचाली 5 मिनिटं, अडथळ्यांची शर्यत 25, शिथिलीकरण 5. उद्दिष्टं: समन्वय, लवचीकता, दमदारपणा. अक्षर असं वळणदार आलं की दोनदा वाचून काढलं.

शंकू नव्हते, म्हणून पोरांच्या चपला मांडल्या. कड्या नव्हत्या, म्हणून पंक्चरवाल्याकडून जीपचा जुना टायर आणला. फक्कीने रेघा मारल्या. 38 पोरं एका रांगेत उभी केली आणि शिट्टी फुंकली.

गणितही मीच शिकवतो, तरी हे गणित आधी सुचलं नाही. एका पोराला अर्धं मिनिट धरलं तर सगळ्यांची एक पाळी व्हायला 19 मिनिटं लागतात. म्हणजे एक जण पळतो आणि 37 जण रांगेत उभे राहून एकमेकांना चिमटे काढतात. समन्वय दिसला तो तिथेच. “सर, ह्यानं ढकललं.” “सर, पाण्याला जाऊ?” “सर, माझी चप्पल शंकू झालीय, मला चटके बसतायत.” एकाने सुचवलं, खो-खो घेऊ या. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक जण भावी कर्णधार आहे. पण खो-खोत 8 बसणार, 1 पाठलाग करणार, 3 पळणार. उरलेल्या 26 भावी कर्णधारांना मी चपला राखायला लावणार होतो का?

तेवढ्यात रांगेतली सर्वांत गुबगुबीत पोर टायरपाशी अडून बसली. “सर, तुम्ही आधी करून दाखवा.” टायर दोघांनी उभा धरलेला. मी मनात हिशेब केला: आतलं भोक 16 इंची, म्हणजे घेर 50 इंच, माझ्या पँटची कंबर 38. आरामात बसतंय. हात पुढे केले, डोकं घातलं, खांदे तिरके करून काढले. पँट मी पोटाच्या खाली घालतो, हे हिशेबात धरायचं राहून गेलं होतं.

पुढे जाईना, मागे येईना. टायर धरणाऱ्या दोघांनी तो इमानाने सोडून दिला आणि मी टायरसकट आडवा झालो. अशा वेळी केंद्रप्रमुख येतात. आलेच.

“टाचण कुठाय?” त्यांनी वरून विचारलं.

“कपाटात,” मी खालून म्हणालो.

ते टाचण आणायला गेले तेवढ्यात पोरांनी माझा नाद सोडून विषामृत सुरू केलं. विष लागलं की जागीच बसायचं, आपल्यातल्या कुणी अमृत दिलं की उठून पुन्हा पळायचं. रांग नाही, कायमचं बाद होणं नाही. नाहीतर आपले बरेचसे खेळ असे, की ज्याला पळण्याची सर्वांत जास्त गरज तोच आधी बाद होऊन कडेला बसतो. मी त्यातला जुना जाणकार. ती गुबगुबीत पोर पाच वेळा बसली आणि पाच वेळा उठून पळाली. तिच्या मैत्रिणीने टायरला शिवून मलाही अमृत दिलं. उपयोग झाला नाही.

केंद्रप्रमुख परतले तेव्हा 38 च्या 38 पोरं घामाघूम होती. टाचणातली तिन्ही उद्दिष्टं साध्य झालेली, फक्त त्यात माझा हात नव्हता. हात टायरच्या पलीकडे होते. त्यांनी शेरा लिहिला, ‘कृतियुक्त अध्यापन. शिक्षकाचा सक्रिय सहभाग.’ मग स्वयंपाकाच्या मावशींनी गोडेतेल आणलं.

आता तिसरीचं टाचण पोरंच सांगतात आणि मी लिहून घेतो. शिकवण्याचा भाग एवढाच उरलाय की सूचना दोन वाक्यांत संपवायची आणि वस्तू मांडायच्याच असतील तर प्रत्येकाला एक येईल इतक्या मांडायच्या. म्हणून विनंती: कुणाकडे सायकलचे जुने टायर पडून असतील तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेला देऊन टाका. पोरं जमिनीवर मांडून त्यांत उड्या मारतील. जीपचे मात्र नकोत.