सिंगापुरात पनीर पावलं

सहल कंपन्यांच्या जाहिरातीत दोन गोष्टी ठळक अक्षरांत असतात. एक म्हणजे किंमत. तिच्या डोक्यावर बारीकशी चांदणी असते आणि त्या चांदणीचा अर्थ पानाच्या तळाशी भिंग घेऊन वाचायचा असतो. दुसरी म्हणजे ‘रोज भारतीय जेवण’. हिला चांदणी नाही, अटी नाहीत. विमान उशिरा सुटेल, पाऊस पडेल, नाइट सफारीत बिबट्या दडून बसेल. पनीर मात्र मिळणार म्हणजे मिळणार.

सिंगापुरात याचा पुरेपूर प्रत्यय येतो. लिटल इंडियात बस थांबते, ग्रुप उतरतो आणि मुंबईहून साडेपाच तास उडत आलेली मंडळी थेट बुफेच्या रांगेत उभी राहतात. जिरा राइस, पिवळी डाळ, लाल रश्श्यात पनीर, तपकिरी रश्श्यात गोबी मंचुरियन, पाकात पोहणारे गुलाबजाम. भिंतीवर मोर, कोपऱ्यातल्या टीव्हीवर हिंदी गाणी. पहिला घास घेताच काका डोळे मिटून म्हणतात, ‘अगदी आपल्यासारखं आहे हो!’ आपल्यासारखं म्हणजे कोणासारखं? काकांच्या घरी सणावारालाही पनीर शिजत नाही. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या ढाब्यात हीच भाजी पुढ्यात आली तेव्हा त्यांनी मॅनेजरला बोलावून घेतलं होतं.

याच भागात, सेरंगून रोडवर, कोमला विलास १९४७ पासून डोसे घालतंय. तेही शुद्ध शाकाहारी, त्यामुळे ‘आमचं व्हेज आहे’ ही सबब इथे चालत नाही. रेसकोर्स रोडवरचं मुथूज करी १९६९ पासून आणि बनाना लीफ अपोलो १९७४ पासून केळीच्या पानावर भात वाढताहेत. नॉर्थ ब्रिज रोडवर, सुलतान मशिदीसमोर, झमझममध्ये तर १९०८ पासून तव्यावर मुर्तबाक, म्हणजे खिमा भरलेला पराठा, उलटला जातोय. एवढा सगळा भारत हाताशी असताना ग्रुपचा निकाल एका वाक्यात लागतो: ‘ते सगळं साउथचं हो. आपलं इंडियन कुठंय?’ तमिळ ही सिंगापूरच्या चार राजभाषांपैकी एक. जी भाषा सिंगापूरने भारतीयांची म्हणून मानाने बसवली, तिच्या स्वयंपाकाला भारतीय म्हणायला आपले काका राजी नाहीत.

बरं, काकांच्या ‘इंडियन’ची वंशावळ तरी काय लांबलचक आहे? त्या लाल रश्श्याचा मूळपुरुष बटर चिकन. त्याचं गाव सांगतात दिल्लीच्या दर्यागंजातलं मोतीमहाल. हे हॉटेल सुरू झालं १९४७ साली, फाळणीत पेशावरहून आलेल्या माणसांच्या हातून. रस्सा नेमका कोणाच्या डोक्यातून निघाला, यावरून दोन हॉटेलांचं भांडण २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात पोचलं. इकडे सिंगापुरात एम. जे. गोमेझ या केरळी गृहस्थांनी १९४९ च्या सुमारास माशाचं आख्खं डोकं आपल्या रश्श्यात सोडलं, कारण चिनी गिऱ्हाइकांना डोकं आवडतं हे त्यांनी हेरलं होतं. म्हणजे दोन्ही रस्से जवळपास एका वयाचे, दोन्ही गाव सोडून आलेल्या माणसांचे, दोन्ही गिऱ्हाइकाची जीभ ओळखून बेतलेले. पण एकाला राष्ट्रीय दर्जा आणि दुसऱ्याला ‘ई, डोळे दिसतायत!’ हे उद्गार काढणाऱ्यांत मालवणकडचेही असतात, ज्यांच्या घरात सुरमईच्या डोक्यापायी भावाभावांत अबोला होतो.

खरी कमाल मंचुरियनची. सिंगापूरची जवळजवळ पाऊण वस्ती चिनी वंशाची. अशा शहरात जाऊन आपण चिनी म्हणून खातो काय, तर १९७५ मध्ये मुंबईत नेल्सन वाँग यांनी जन्माला घातलेल्या मंचुरियनचा कोबीतला अवतार! शेजारच्या टेबलावरचा चिनी माणूस कुतूहलाने बघत राहतो. हा आपला पदार्थ आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. त्याच्या पुढ्यात असतं मी गोरेंग. नूडल्स चिनी, तवा तमिळ मुसलमानाचा, वर टोमॅटो सॉस आणि मिरचीचा लालभडक हात. भारतातून गेलेल्या माणसांनी ते तिथे रचलं, आणि भारतातल्या कुठल्याच गावाला त्यावर हक्क सांगता येत नाही. जो भारतात जन्मला नाही तो भारतीय पदार्थ चिनी माणूस खातोय. जो चीनमध्ये जन्मला नाही तो चिनी पदार्थ आपण खातोय. समाधानी मात्र दोघेही.

ग्रुप सोडून स्वतःच्या हिमतीवर जेवायला जाणाऱ्यांची गंमत वेगळी. मेनूत किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतात. पहिलं अधिक म्हणजे १० टक्के सेवाशुल्क, दुसरं म्हणजे ९ टक्के जीएसटी, आणि हा जीएसटी सेवाशुल्क धरून होणाऱ्या रकमेवर. शंभर डॉलरचं जेवण अशा रीतीने ११९ डॉलर ९० सेंटला पडतं. प्रत्येक नानबरोबर डॉलरचे रुपये करायचे असल्यामुळे घास गिळण्याआधी पाढा म्हणावा लागतो. पाणी मागितलं की बाटली येते आणि मागोमाग बिलातही येते. सिंगापूरच्या नळाचं पाणी खुशाल पिण्याजोगं आहे, पण ‘नळाचं द्या’ म्हणायला आपली जीभ धजत नाही. परदेशात जाऊन नळाचं पाणी प्यायचं, तर मग पासपोर्ट कशाला काढला?

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, हे अधिक-बिधिक काही नाही. टेक्का सेंटरला प्राटा, बिर्याणी, उंचावरून ओतून फेसाळवलेला तेह तारिक चहा, सगळं पंख्याखाली आणि परवडेल अशा भावात. या हॉकर संस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत मान मिळाला. पण आपली गाडी अडते ती भलत्याच ठिकाणी. २०२१ पासून जेवण झाल्यावर खरकटा ट्रे स्वतः उचलून नेणं तिथे सक्तीचं आहे. पहिल्या खेपेला लेखी ताकीद, दुसऱ्या खेपेला ३०० डॉलर दंड. ‘भारतीय जेवण’ म्हणजे नुसतं पनीर नव्हे, हे इथे लक्षात येतं. आपलं ताट दुसऱ्याने उचलणं हाही त्या पॅकेजचाच भाग असतो.

आपल्या जिभेपुढे सिंगापूर सरकारनेही थोडं नमतं घेतलं आहे. तिथल्या भारतीय हॉटेलांना आचारी मिळेनात, म्हणून सप्टेंबर २०२३ पासून भारतातून आचारी आणायचे नियम सैल झाले. महिन्याला किमान २००० डॉलर पगार देण्याची अट घालून. म्हणजे रांधणारा भारतातून, खाणारा भारतातून, मसाले भारतातून. सिंगापूरने फक्त एसी पुरवायचा.

हॉटेलमालकाला यात दोष देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक मागेल ते तो विकतो, आणि गिऱ्हाईक पनीर मागतं. दुपारची गर्दी ओसरली, बस पुढच्या ठिकाणी रवाना झाली, की आतली माणसं स्वतःची पानं घेतात. भात, रसम, जमलंच तर एखादी मासळीची तुकडी. बुफेतलं पनीर शिल्लक असतं, पण त्याला कोणी हात लावत नाही. ते रात्रीच्या ग्रुपसाठी झाकून ठेवतात. ही माणसं पडली भारतीय. त्यांना भारतीय जेवण लागतं.