भरती-ओहोटीच्या वेळा बदलून मिळणेबाबत

प्रति,
मा. अरबी समुद्र,
मुक्काम पोस्ट अलिबाग, जि. रायगड.

अर्जदार : मुंबई, ठाणे, पुणे व पिंपरी-चिंचवड येथील समस्त सहकुटुंब सहपरिवार पर्यटक.

विषय : भरती-ओहोटीच्या वेळा शनिवार-रविवारशी जुळवून घेणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे कळविण्यात येते की, अर्जदार कुटुंबे दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत आपल्या किनाऱ्यावर दोन दिवस आणि एक रात्र इतक्या प्रदीर्घ मुक्कामास येत असतात. मांडव्यापासून मुरुडपर्यंतचे सगळे व्यवहार आता शनिवार-रविवार धरून चालतात. खोल्यांचे भाडे, शहाळ्याचा दर, घोडागाडीची फेरी, सुरमईच्या तुकडीची जाडी, सगळे काही. आपण तेवढे अजून तिथीवर चालता. हे कालबाह्य आहे, असे अर्जदारांचे एकमत आहे. (एकमत व्हॉट्सॲपच्या ‘फॅमिली ट्रिप’ ग्रुपवर झाले. ग्रुपमध्ये एकमत झालेली ही एकमेव गोष्ट.)

आधी अर्जदारांची परिस्थिती समजून घ्यावी. मे महिन्यातले शहरातले घर म्हणजे काय, याची आपल्याला कल्पना नाही. एक मुंज, दोन लग्ने, एक साखरपुडा आणि ‘आलाच आहात तर राहा की दोन दिवस’ म्हटल्यावर खरोखर राहणारे नागपूरचे काका. पलंगाखाली गवतात आंबे पिकत घातलेले, त्यामुळे घरभर वास आणि रोज सकाळी ‘आज कोणता काढायचा’ यावर आजीचा शेवटचा शब्द. गच्चीवर कुरडया वाळताहेत, राखणीला बसवलेला नातू चिकाच्या पातेल्यावर लक्ष ठेवून आहे. सगळ्या पाहुण्यांना पुरेल असा एसी एकाच खोलीत, म्हणून त्या खोलीत नऊ माणसे. अशा वेळी कोणीतरी म्हणते, ‘चला, जरा समुद्रावर जाऊन येऊ, गार वाटेल.’

गार वाटेल! हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी भागात ४० अंशांची पायरी धरते आणि किनाऱ्यावर ३७ अंशांची. खात्याला समुद्राकाठचा घाम ठाऊक आहे. पुणेकराला तो कार्लेखिंड उतरल्यावर कळतो. एकोणचाळीस अंशांच्या कोरड्या उन्हातून सुटका म्हणून तो चौतीस अंशांत येतो आणि दिवसातून तीनदा सदरा बदलतो. ही दमट हवा आपल्याच खात्यातून येत असल्याने पहिली तक्रार इथेच नोंदवून घ्यावी.

ज्यांचे कोकणात गाव आहे, त्यांचा या अर्जाशी संबंध नाही. ते चाकरमानी रेल्वेने जातात, महिनाभर राहतात, फणसाचा चीक हाताला लावून घेतात. त्यांचे दुःख वेगळे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, त्यामुळे पूर्वी चार महिने आधी हाती येणारी वेटिंगची चिठ्ठी आता दोनच महिने आधी हाती येते. अर्जदार मात्र गाडीने येतात. पहाटे पाचला निघायचे ठरवून साडेसातला निघतात, कारण डब्यात भरायच्या पुऱ्या तळून झालेल्या नसतात, आणि मग वडखळला तासभर उभे राहून त्या पुऱ्या संपवतात. पळस्पे ते इंदापूर रस्त्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. गाडीत मागे बसलेला, यंदा दहावीला बसलेला मुलगा त्यानंतर जन्मला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

जलमार्गही आहे. गेटवेहून मांडव्याला तासाभरात बोट पोहोचते आणि मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीच बोटीत घालून आणता येते. म्हणजे कोंडीत उभे राहण्याचे सुख आता थेट मांडव्याच्या धक्क्यापासून मिळू लागले आहे.

असो. एवढा खटाटोप करून कुटुंब पौर्णिमेच्या शनिवारी दुपारी पोहोचते. त्या वेळी आपण अगदी सुरूच्या झाडांपर्यंत आलेले असता. पण कुटुंब जेवायला बसते, मग वामकुक्षी होते, मग चहा. सहा वाजता सगळे नवे कपडे घालून सूर्यास्ताचा फोटो काढायला येतात, तर आपण गायब! समोर काळपट ओली वाळू, तीत फिरणारे खेकडे, आणि कुठेतरी लांब एक पांढरी रेघ. ‘समुद्र कुठे गेला?’ असा प्रश्न धाकटी विचारते. कुटुंबप्रमुख घरगुती सोयीच्या मालकाकडे असे बघतात, जणू त्याने खोलीच्या भाड्यात समुद्र धरला होता आणि ऐन वेळी दिला नाही.

मालक म्हणतो, ‘आज पुनव ना, उधाण आहे. ओहोटीपण लांब जाणार.’

इथे अर्जदारांच्या असे लक्षात आले, की आपले वेळापत्रक गुप्त वगैरे काही नाही. किनाऱ्यावरच्या कोळ्याला ते बोटांवर येते. तिथीला पाऊणने गुणायचे, की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. त्यापुढे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि दिवसातून हे सारे दोनदा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, मुंबईच्या किनाऱ्याला पाणी साडेचार मीटरच्या वर चढते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढ-उतार बेताचा. ज्या घरात मुंजीचा मुहूर्त पळे-विपळे मोजून काढतात, कॅलेंडरच्या मागच्या पानावरचे राशिभविष्य तोंडपाठ असते, त्या घराला पुढच्या पानावरची तिथी समुद्रासाठीही असते हे माहीत नाही. पण याबद्दल अर्जदारांना दोष देणे हा या पत्राचा हेतू नाही. दोष आपला आहे. आपण ॲपवर का येत नाही?

कुलाबा किल्ल्याचे प्रकरण तर गंभीर आहे. शिवाजी महाराजांनी १६८० साली तो बांधायला घेतला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने तो गाजवला. ओहोटीला किल्ल्यात चालत जाता येते, भरतीला होडी लागते. खंदक खणायची गरजच पडली नाही, दिवसातून दोनदा आपणच तो भरून देता. एक कुटुंब तृतीयेला निघते. भरती सव्वादोनला, म्हणजे पूर्ण ओहोटी साडेआठच्या आसपास. काकूंनी रात्रीच सांगून ठेवले होते, ‘आठाला निघा, पोहे आल्यावर खा.’ पोहे आधी झाले, मग घावने झाली, मग जावईबापूंना दुसरा चहा हवा झाला. साडेदहाला मंडळी घोट्याएवढ्या पाण्यातून किल्ल्यात गेली. गणपतीचे दर्शन झाले, खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड पाण्याची विहीर कशी, यावर दोन मेव्हण्यांचा वाद झाला. परतायला निघाले तेव्हा वाट बुडालेली. होडीवाल्याला यात जराही आश्चर्य वाटले नाही. तो वाटच बघत होता.

आता वाहनांबद्दल. कुटुंबप्रमुखांना गाडी वाळूत न्यायची असते, कारण जाहिरातीत ती नेलेली असते. ओल्या वाळूवर चाक पळते, पुढे भुसभुशीत वाळूत ते पोटापर्यंत बसते, आणि मग भरती येते. २०२५ च्या जुलैत रेवदंड्याच्या किनाऱ्यावर चक्क फेरारी रुतली आणि ती बैलगाडीने ओढून काढावी लागली. त्या बैलांचा जाहीर सत्कार झाल्याचे ऐकिवात नाही. ‘अलिबागहून आलायस का?’ असे एखाद्या भोळसटाला विचारायची मुंबईची जुनी खोड आहे. त्याविरुद्ध अलिबाग तालुक्यातला एक रहिवासी २०१९ साली उच्च न्यायालयात गेला आणि याचिका फेटाळली गेली. रेवदंड्यानंतर ती याचिका पुन्हा दाखल करायला हरकत नसावी.

वाळूवर गाडी नेण्याचा एक भाग मात्र हसण्यावारी नेता येत नाही. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी किनाऱ्यावर वाळूत हातभर खड्डा करून अंडी घालते. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात आणि हा हंगाम कोकणात थेट मेपर्यंत चालतो. वेळास आणि आंजर्ल्याचे गावकरी ही अंडी कुंपणात सुरक्षित ठेवून पिल्ले सोडतात. बाकी किनाऱ्यांवर जे घरटे कोणाच्या नजरेस पडले नाही, त्यावरून शनिवारी संध्याकाळी चार चाके फिरतात. कासवाने तक्रार केलेली नाही. त्याला ग्रुपमध्ये घेतलेले नाही.

शांततेविषयी एक जुनी नोंद. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून ती उपकरणे १९०४ साली हलवली गेली आणि त्यासाठी साहेबाने अलिबाग निवडले. पृथ्वीच्या चुंबकत्वाची बारीकशी थरथर टिपायला लागणारी निवांत जागा ती हीच. आज ती वेधशाळा तिथेच आहे आणि थोड्याच अंतरावर वाळूत ठेवलेला पर्यटकांचा ब्लूटूथ स्पीकरही आहे. आपल्या लाटांचा आवाज त्यात नीट ऐकू येत नाही, अशीही एक तक्रार आली आहे.

जेवणाबाबत अर्जदारांचे म्हणणे असे, की समुद्र समोर असताना पापलेट ताजे मिळायला हवे, आणि तेही रात्री साडेनऊला मागितले तर दहाला. ‘जेवणाची ऑर्डर सकाळी द्यावी’ हा फलक प्रत्येक घरगुती खाणावळीत असतो आणि तो कोणी वाचत नाही. काकूंना सकाळी बाजारात जाऊन बोटीवर काय आले ते बघावे लागते, मग माणसे मोजून नारळ खवायचे, आगळ काढायचे, भाकरीचे पीठ मळायचे. पापलेट २०२३ साली महाराष्ट्राचा राज्य मासा झाला; तो घटला म्हणूनच त्याला हा मान देऊन जपायची वेळ आली. अर्जदार त्याचा मान ठेवून दोन-दोन मागवतात, आणि नगही लहान आहेत म्हणून कुरकुरतात. नागपूरचे काका शाकाहारी आहेत. त्यांना मोदक हवेत, उकडीचे, आत्ताच.

एका बाबीत अर्जदारांना विनोद सुचत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडला सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे डझनभराहून जास्त विद्यार्थी बुडाले. त्यानंतरही दर उन्हाळ्यात काशीद, नागाव, मुरुडच्या बातम्या येतात आणि त्यांतली वाक्ये जवळपास तीच असतात : पाण्याचा अंदाज आला नाही, स्थानिकांनी सांगितले होते. उतरत्या पाण्याबरोबर पायाखालची वाळू सरकते, कंबरभर पाण्यात उभा असलेला माणूस आत ओढला जातो, आणि पोहण्याच्या तलावात शिकलेले पोहणे तिथे फारसे कामाला येत नाही. शिट्टी वाजवणाऱ्या जीवरक्षकाला ‘आम्हाला पोहता येतं’ असे सांगणारे लोक त्याच्याच गावचे कधीच नसतात. कोळ्याची मुले तसे म्हणत नाहीत. ती समुद्रातच वाढलेली असतात, म्हणूनच म्हणत नाहीत.

हंगाम संपण्याची तारीखही आपण आम्हाला विचारून ठरवावी. गेटवे-मांडवा बोटी दर वर्षी साधारण २६ मेच्या सुमारास पावसाळ्यासाठी बंद होतात, राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्याही किनाऱ्याला लागतात, १ जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारी थांबते. हे माहीत असूनही ‘शेवटचा आठवडा स्वस्त पडतो’ म्हणून बुकिंग करणारी कुटुंबे असतात. २०२५ साली मोसमी पाऊस नेहमीची ११ जूनची वाट न बघता २६ मेलाच मुंबईत पोहोचला. त्या आठवड्यात किनाऱ्यावर आलेल्यांनी खोलीत बसून पत्ते खेळले, तेही कॅट नसल्यामुळे मुलांच्या उनोचे. खोलीचे पैसे परत मागण्यात आले. मालकाने आकाशाकडे बोट दाखवले.

तरी वरील सर्व बाबींचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन, आपण शनिवारी सायंकाळी सहा ते साडेसात या वेळेत भरतीस हजर राहावे, रविवारी सकाळी साडेदहानंतर किल्ल्याची वाट मोकळी ठेवावी, आणि वाळू अंगाला, गाडीला व बॅगेतल्या पांढऱ्या कांद्याच्या माळेला चिकटणार नाही अशी व्यवस्था करावी, ही विनंती. आपली अडचण असल्यास तसे लेखी कळवावे.

कळावे,
अर्जदारांच्या वतीने.

प्रत : मा. चंद्र यांना माहितीसाठी व आवश्यक त्या कार्यवाहीसाठी.

ता. क. : या अर्जाला उत्तर येण्याची शक्यता कमी आहे. तेव्हा पुढच्या शनिवारी निघणाऱ्या वाचकांनी गाडीत बसण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरातली त्या दिवसाची तिथी बघावी, तिला पाऊणने गुणावे, आणि आलेली वेळ पाण्यात उतरण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या एखाद्या कोळ्याला विचारून पक्की करून घ्यावी. तो ‘नको’ म्हणाला तर उतरू नये.