मामा, राइनहार्टला घ्यावं का?

ब्रॅम्प्टन,
कोजागिरी, ६ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. मामा आणि आत्याबाई यांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे सगळी खुशाल आहेत. तुमच्या चिरंजिवांची झोप तेवढी उडालीय, पण दुखणं काही नाही. काल त्यांच्या ऑफिसातल्या मंडळींचा फँटसी हॉकीचा ड्राफ्ट झाला.

मामा, परवा फोनवर तुम्ही आवाज उतरवून विचारलंत, “पोरगा जुगाराला तर लागला नाही ना?” नाही. ऑगस्टमध्ये आपल्याकडे पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ कायद्याने बंद झाले, तेव्हापासून तुमच्या मनात ते आहे, कळतंय. इथे पैसा नाही. जो तळाला राहील त्याने सगळ्यांना घरी जेवायला बोलवायचं, एवढंच. म्हणजे हरणार हे आणि रस्सा घाटणार मी. तेव्हा मला लक्ष घालणं भाग पडलं.

ही हॉकी धनराज पिल्लेची नव्हे. नीरेपलीकडच्या आसूची वैष्णवी फाळके भारताकडून खेळते, तीही नव्हे. ही बर्फावरची. प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंमधून आपला कागदावरचा संघ निवडायचा. त्या गड्यांनी खऱ्या सामन्यात गोल केला, गोलाला पास दिला, की आपल्याला गुण. त्या बिचाऱ्यांना आपण कोण याचा पत्ताही नसतो. प्रत्येक संघाचे ८२ सामने, एप्रिलपर्यंत चालतात. गेल्या साली कोण चांगला खेळला हे तर शेंबडं पोरही सांगेल. यंदा कोणाचा भाव चढेल नि कोणाचा बसेल, ते ओळखण्यात सगळी मेख.

आणि हे काम तुमचं आहे, मामा. बैलांच्या शर्यती बंद होत्या तेव्हा खिलार खोंडाला कोणी विचारत नव्हतं. डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली आणि त्याच दावणीच्या खोंडाचे लोक लाखांत सांगायला लागले. खोंडाने काय केलं होतं? काही नाही, वैरण खात उभा होता. सणसरच्या ओट्यावर बसून तुम्ही ह्यांना शंभरदा सांगितलंय, नुसता पळालेला बैल बघू नकोस, त्याच्या जोडीला कोण जुंपला होता ते बघ. ह्यांनी ते ऐकलं नाही. मी चहा देता देता ऐकत होते.

इथला एक जुना किस्सा सांगते. सॅन होजेच्या संघात जोनाथन चीचू म्हणून गडी होता. नोव्हेंबर २००५ च्या शेवटी त्या संघात बॉस्टनहून जो थॉर्नटन आला. त्या मोसमात चीचूने ५६ गोल मारले, सगळ्या लीगमध्ये पहिला. लोक वेडे झाले. पुढच्या साली ३७, मग २३, मग १२. पास देणाऱ्या थॉर्नटनकडे बघायला कोणाला सवडच नव्हती.

दुसरी गोष्ट नशिबाची. गोलावर मारलेल्या शंभर फटक्यांत साधारण दहा आत जातात. फ्लोरिडाच्या सॅम राइनहार्टने २०२३-२४ ला ५७ गोल केले, तेव्हा त्याचा जवळजवळ दर चौथा फटका आत जात होता. असं दर साली व्हायला देव काय फ्लोरिडातच राहतो? पुढच्या साली ३९ वर आला. तरी माणूस चांगलाच. पण आता २५ सप्टेंबरला सरावातच त्याच्या जोडीच्या बार्कोव्हचा गुडघा गेला, सात ते नऊ महिने घरी. मी राइनहार्टवर काट मारली. ह्यांनी दुसऱ्या फेरीत तोच उचलला. म्हणे, “५७ गोल केलेत त्याने!”

पहिल्या फेरीत अर्थातच ऑस्टन मॅथ्यूज. टोरंटोचा, म्हणजे आपला गाववाला. ६९ गोलांवरून गेल्या साली ३३ वर आला, पंधरा सामने दुखण्यात गेले. दुखणं बरं झालं तर भाव चढेल, हे मलाही पटतं. पण त्याला पास देणारा मिच मार्नर उन्हाळ्यात व्हेगासला गेला, त्याचं काय? यावर तुमचे चिरंजीव म्हणाले, “असं नाही बोलायचं.” हॉकीत नि सोयरिकीत माणूस आंधळा होतो.

तुमच्यासारखे दात बघून वय काढायचीही इथे सोय नाही. निम्म्यांचे पुढचे दात पडलेलेच.

ऐन वेळी एकाने माघार घेतली आणि त्याचा संघ माझ्या गळ्यात पडला. मी सेलेब्रिनी नावाचं १९ वर्षांचं पोरगं घेतलं. त्याचा संघ गेल्या मोसमात अख्ख्या लीगमध्ये शेवटचा, म्हणून बाकीच्यांनी नाकं मुरडली. पण तळाच्या संघात दुसरं आहे कोण? बर्फावर भरपूर वेळ तोच, समोरचा गडी शिक्षा म्हणून बाहेर बसला की पॉवर प्लेलाही तोच. पहिल्याच मोसमात ६३ गुण काढलेत. गावात एकच ट्रॅक्टर असला की तो रिकामा उभा राहत नाही.

आत्याबाई, तुम्ही व्हिडिओवर बोट दाखवलेला पिकल्या केसांचा गडीसुद्धा घेतला. ओवेच्किन. गेल्या महिन्यात चाळीस पूर्ण झाली. एप्रिलमध्ये ८९५ वा गोल मारून त्याने ग्रेट्झ्कीचा विक्रम मोडला. या वयात त्याचा भाव उतरणार हे ऑफिसातल्या पोरांच्या तक्त्यात लिहिलेलंच होतं. पण गेल्या मोसमात ४४ केलेत, आणि तुमचं म्हणणं की संघात एक वडीलधारं असावं. ह्यांनी कपाळाला हात लावला.

मामा, एक काम आहे. मोसम सुरू झाल्यावर अदलाबदल करता येते. हे मला राइनहार्ट देऊन सेलेब्रिनी मागतायत, वर महिनाभर भांडी घासायची तयारी आहे. तुम्हाला काय वाटतं ते कळवा. टोरंटोचा पहिला सामना माँट्रियलशी आहे, आपल्याकडे गुरुवारी पहाटे साडेचारला. तुम्ही धारा काढायला उठलेलेच असाल. हे तेव्हा फोन करतील. मॅथ्यूजचं कौतुक करा, पण भांड्यांचा सौदा झालाय हे बोलू नका. राइनहार्ट मी घेणार नाहीच आहे, पण भांडी सुरू झालीत.

आपली,
सूनबाई