विषय : सदर मोटारीबाबत

श्रीमंतीत वापरून झाल्यावर मध्यमवर्गाच्या स्वाधीन होणाऱ्या वस्तूंत मोटारीइतकी मानी वस्तू दुसरी नसेल. ऐश्वर्यात वाढलेली मोटार उतारवयात आपली प्रत्येक व्यथा दिवे लावून आणि घंटा वाजवून जाहीर करते. आणि ऐकणारा मालक तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेला असला, तर त्या व्यथांचे रीतसर दप्तर तयार होते. परदेशी जाताना माझ्या भाच्याने ही युरोपीय कुळातली, कातडी आसनांची मोटार नागपुराहून आणून नागभीडच्या माझ्या अंगणात उभी केली, आणि ‘मामा, फार सेफ गाडी आहे’ एवढे आश्वासन देऊन तो विमानात बसला. त्या विधानाची शहानिशा करण्यातच माझे निवृत्त जीवन व्यतीत होत आहे.

सुरक्षिततेविषयीच्या तिच्या कल्पना तिच्या जन्मभूमीच्या आहेत. शेजारच्या आसनावर तांदळाची चुंगडी ठेवली की तिला ती इसम समजते, आणि त्या इसमाने पट्टा बांधला नाही म्हणून गाव संपेपर्यंत ठणाणा करते. परिणामी, याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या तुटपुंज्या शेतीत लोंबी-लोंबी पारखून सिद्ध केलेला, आणि मनगटी घड्याळाच्या नावाने दूरदूर पोचलेला एचएमटी तांदूळ आमच्याकडे छातीवर आडवा पट्टा घेऊन, नवनिर्वाचित सभापतीच्या रुबाबात प्रवास करतो, आणि आमच्या सौभाग्यवती मागे बसतात. (ते घड्याळ किल्ली दिली की चालत असे, मोटारीच्या बाबतीत हा नियम लागू नाही.) उलट, कार्तिकात अर्धा रस्ता अडवून वाळत घातलेले धान, संध्याकाळी गोठ्याकडे निघालेली जनावरे, किंवा दिवा नसलेली बंडी, यांपैकी एकाचीही दखल तिने आजवर घेतलेली नाही.

समोरच्या फळीवर, पोटापुढे गोळा घेऊन बसलेल्या मनुष्याची एक तांबडी आकृती अहोरात्र पेटलेली असते. एअरबॅगेच्या यंत्रणेत बिघाड आहे, असा तिचा अर्थ असल्याचे पुस्तिकेत लिहिले आहे. अपघातसमयी ती पिशवी फुगणार नाही, की अपघाताविनाच फुगेल, याविषयी मात्र पुस्तिका मौन पाळते. मी आमच्या मिस्त्र्याला विचारले. त्याने चाकांना हलकेच लाथ मारली, बॉनेट उघडून मिटले आणि निदान केले, ‘साहेब, गाडीले काहीच नाही झालं जी, तिले फक्त भेव लागते.’ नंतर त्या आकृतीवर काळी चिकटपट्टी लावून त्याने भयाचे निवारण केले. पट्टी आखूड पडल्यामुळे गोळा झाकला गेला, मनुष्याचे डोके तेवढे उघडे राहिले. ते अद्याप माझ्याकडे पाहत असते.

परंतु तिच्या दक्षतेचा खरा प्रत्यय आला तो तळोधीहून परतताना. घोडाझरीच्या ज्या जंगलाला २०१८ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि ज्यातले वाघ त्या दर्जाच्या आधीपासूनच रस्ता ओलांडत आहेत, त्या जंगलाच्या कडेला दिवस मावळताना इंजिन बंद पडले. बंद पडता पडता, कोणत्या अज्ञात प्रेरणेने कोण जाणे, चारही काचा सावकाश, समारंभपूर्वक खाली गेल्या, आणि त्याच क्षणी प्रवाशांच्या रक्षणार्थ चारही दरवाजे खटकन बंद झाले ते उघडेनात. बाहेरच्या प्राण्याला आत येण्यास मज्जाव नाही आणि आतल्या प्राण्याला बाहेर जाण्याची परवानगी नाही, अशा त्या अजब बंदोबस्तात बसलेले असता एसटी आली. चालकाने गाडी हळू करून आम्हां उभयतांना निरखले आणि विचारले, ‘दरवाजे लावून खिडक्या कायले उघड्या ठेवल्या जी?’ उत्तर देण्याजोगे माझ्यापाशी काही नव्हते. वाहकाने सौभाग्यवतींना खिडकीतून उतरवून घेतले, पट्टा सोडवून चुंगडीही घेतली, शेवटी मला.

मग मी मोटारीच्या कंपनीला अर्ज लिहावयास बसलो. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगांची हकीकत मी वाचली होती. पिशवी फुगवण्यासाठी त्यांत अमोनियम नायट्रेट वापरीत; ते वर्षानुवर्षे उष्णतेने आणि दमटपणाने बिघडले की फुगवणारे धातूचे नळकांडेच फुटे आणि त्याचे तुकडे, जिच्या रक्षणासाठी ती योजना होती त्याच व्यक्तीवर येत. जगभर अशा कोट्यवधी पिशव्या परत मागवल्या गेल्या आणि २०१७ साली त्या कंपनीने दिवाळे काढले. अमेरिकेत उष्ण-दमट राज्यांना अग्रक्रम देण्यात आला. आता उन्हाळ्यात शेजारच्या ब्रह्मपुरीचा पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर चढतो, आणि पावसाळ्यात आमच्या कपाटातल्या सातबाऱ्यांना बुरशी येते. तेव्हा अग्रक्रमाचा हक्क कोणाचा, हे उघड आहे. माझ्या मोटारीतली पिशवी कोणत्या कुळीची, एवढाच माझा प्रश्न होता.

कायदाही पाहिला. २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत मागवण्याचा अधिकार सरकारला मिळाला, आणि एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम अमलात आले. परंतु ते सात वर्षांच्या आतील वाहनांसाठी. पंधरा वर्षे पुरी झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणी होते. सातव्यापासून पंधराव्यापर्यंत वाहनाला ना वाली, ना जाब विचारणारा. आणि आमची मोटार नेमकी त्या बेवारस मुदतीत आहे. अव्वल कारकुनाच्या नजरेतून अशी फट सुटत नाही, आणि खरे सांगायचे तर अशी फट सापडल्याचा आनंद फटीत सापडल्याच्या दुःखाहून मोठा असतो.

उत्तर सत्वर आले. त्यात माझ्या जागरूकतेची प्रशंसा होती, तपासणी होईपर्यंत वाहन चालवू नये अशी सक्त ताकीद होती, आणि तपासणीसाठी वाहन नागपूरच्या कार्यशाळेत घेऊन यावे अशी सूचना होती. या दोन आज्ञांचा एकसमयावच्छेदेकरून अंमल कसा करावा, याचा खुलासा नव्हता. नागपूर शंभराहून अधिक किलोमीटर. नॅरोगेजची आगगाडी असती तर निदान स्वतः जाऊन विचारून आलो असतो. पण ती २०१९ च्या नोव्हेंबरातच रुंदीकरणासाठी बंद झाली.

अखेर ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्याला बोलावले. त्याने मोटारीला एक प्रदक्षिणा घातली, काळ्या पट्टीबाहेरच्या डोक्याकडे निरखून पाहिले, भाडे सांगितले, आणि धंद्याच्या सवयीने पुसले, ‘वापस येतानी काही भराचं हाये का जी, का हेच आनाची?’