रसनेचे शिलेदार

ज्या गृहस्थांना आमच्या स्नेहमंडळाने ‘शिलेदार’ ही पदवी बहाल केली आहे, त्यांचा घोडा म्हणजे एक खिळखिळी मोटारसायकल आणि तलवार म्हणजे त्यांची जिव्हा होय. नवे उपाहारगृह उघडल्याची वर्दी येताच ते सर्वांआधी सर करावे, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या कँटीनमध्ये निमूटपणे आमटीभात जेवणाऱ्यांना त्या मोहिमेची साद्यंत बखर ऐकवावी, हा हक्क आपल्याकडे सनदेने चालत आला आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. पूर्वी असे पुरुष विरळा असत. परंतु चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने आले, २००९ साली फोक्सवॅगनचाही सुरू झाला, परदेशी साहेबांच्या पोटापाण्याची तजवीज करणारी मंडळी मागोमाग आली, आणि महाळुंग्यासारख्या मिसळीवर व मटणथाळीवर संतुष्ट असलेल्या गावात शिलेदारांचे पीक तरारून आले.

तळेगाव-चाकण रस्त्यालगत थाई उपाहारगृह निघाल्याचे कळले, तेव्हा मोहिमेचा दिवस गुरुवार मुक्रर झाला, कारण या पट्ट्यातील बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते. पेच येथेच उत्पन्न झाला. शिलेदारांचे साहस अमर्याद असले तरी ते वारांच्या अधीन आहे. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, आणि श्रावणात तर साहस संपूर्ण महिनाभर बिनपगारी रजेवर असते.

“अस्सल थाई पाहिजे,” त्यांनी आसनस्थ होताच वाढप्याला फर्मावले, “आमच्यासाठी मवाळ करायचं नाही. आणि व्हेज. आज गुरुवार आहे.”

वाढपी सज्जन होता. त्याने अदबीने अर्ज केला की, अस्सल म्हणाल तर करीच्या वाटणातच आंबवलेली कोळंबी असते आणि बाकी सर्वत्र मिठात मुरवलेल्या मासळीचे पाणी. तेव्हा साहेबांनी दोहोंपैकी एक काय ते सांगावे. शिलेदारांनी डोळे मिटून या प्रकरणाचा विचार केला. मासळीचे पाणी ही मासळी की पाणी, या मुद्द्यावर त्यांच्या अंतःकरणात उभय पक्षांची कैफियत झाली असावी, कारण अखेरीस तहनामा बाहेर पडला तो असा, की ते पाणी अन्नात घालू नये, मात्र एका वाटीत निराळे आणावे, म्हणजे अस्सलपणाची खातरजमा नाकाने करता येईल. वाटी आली. शिलेदारांनी ती नाकाशी नेली, तितक्याच धिमेपणाने माझ्याकडे सरकवली, आणि पुढची काही मिनिटे त्यांनी भिंतीवरच्या हत्तीचे निरीक्षण केले.

शेजारच्या मेजावर तुळशीच्या पानांत परतलेला कोंबडीचा खिमा आला. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी, आणि गळ्यात तुळशीची माळ पडली की मटणाचा रस्सा सुटतो असा ज्या मुलखाचा रिवाज, त्या मुलखात हे दृश्य पाहून माझे मन किंचित चरकले. शिलेदारांचे नाही. त्यांनी तोच पदार्थ टोफू घालून मागवला आणि तुळशीमुळे तो गुरुवारी चालतो, किंबहुना अधिकच चालतो, असा निर्णय दिला. भातासाठी त्यांनी काड्या मागितल्या. थाई लोक भात चमच्यानेच खातात, काटा केवळ ढकलण्यापुरता, काड्या नूडल्सना, असे वाढपी सांगू लागला. परंतु पाहुण्याच्या अज्ञानाने यजमानाचे ज्ञान हटावे हा सनातन न्याय असल्यामुळे काड्या आल्याच, आणि शीत शीत करत अर्धा भात विजारीवर पोहोचल्यानंतर शिलेदारांचा डावा हात, उजव्याला कळणार नाही अशा बेताने, चमच्याकडे गेला.

मग आले सोमतम, म्हणजे कच्च्या पपईच्या किसाची दाणे घातलेली झणझणीत कोशिंबीर. शिलेदारांचे व्याख्यान त्या वेळी रंगात होते: सयामचे थायलंड १९३९ साली झाले, पिबुनसोंगख्राम या पंतप्रधानाने पाड थाई घरोघरी पोहोचवले, आणि मिरची तर मूळची अमेरिकेची, पोर्तुगीजांनी ती पूर्वेकडे सोळाव्या... शतक आलेच नाही. घासाबरोबर ती बोटाच्या पेराएवढी मिरची दातांखाली गेली होती. १६६० साली याच चाकणचा भुईकोट फिरंगोजी नरसाळ्याने शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला; शिलेदारांचा बुरूज पहिल्याच सुरुंगाने ढासळला. कान लाल झाले, नेत्रांतून धारा लागल्या, माझ्याही पेल्यातले पाणी खालसा झाले. इतक्यात वाढप्याने येऊन विचारले, “तिखट जास्त झालं का साहेब?”

“छे!” शिलेदार घोगऱ्या आवाजात म्हणाले, “जरा सपकच आहे.”

बिल त्यांनीच दिले, हे नमूद करणे न्यायाचे होईल. शूर माणूस कृपण नसतो. शुक्रवारी कँटीनमध्ये बखर वाचली गेली, तीत मिरच्यांची संख्या तिप्पट होती आणि पाणी मागणारा इसम मी होतो. पुढची मोहीम कोरियन उपाहारगृहावर निघणार असून तारीख मुक्रर झाली आहे. सोबतीवाचून शिलेदारांना घास उतरत नाही आणि माझी प्रकृती तूर्त बरी नाही. तरी इच्छुक वाचकांनी घरून भाकरी खाऊन, सुती रुमाल बरोबर घेऊन, गुरुवारी दुपारी बाराच्या आत हजर व्हावे.